कार-टीसाठी रुग्ण मुंबईला पाठवायचाय: पेशी काढण्याआधी काय थांबवायचं, सोबत काय द्यायचं?

मुक्ता_डेकेअर

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणच्या केमोथेरपी डे-केअरमधून विचारते आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांसाठी आता कार-टी उपचाराचा (रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून कर्करोगाविरुद्ध परत शरीरात सोडतात) विचार करावा, असं इथल्या फिजिशियनांचं मत आहे.

पहिला १९ वर्षांचा मुलगा, वजन ४८ किलो, बी-ऑल (बी-पेशींचा तीव्र ल्युकेमिया). मेन्टेनन्सच्या गोळ्या चालू असतानाच आजार उलटला. मज्जेत ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) ६० टक्के. प्रेडनिसोलोन रोज ४० मिग्रॅ सुरू केलंय.

दुसऱ्या ५६ वर्षांच्या बाई, डीएलबीसीएल (मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा). आर-चॉप या पहिल्या केमोच्या ६ सायकल झाल्या आणि चौथ्या महिन्यात मानेत आणि पोटात परत गाठी आल्या. मुंबईची तारीख मिळेपर्यंत बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब द्यावं असं चाललंय, कारण ते डे-केअरमध्ये देता येतं.

मला हे हवंय: पेशी काढायच्या आधी कोणती औषधं किती दिवस बंद हवीत? रुग्णासोबत कोणते कागद आणि नमुने पाठवायचे? मुंबईत एकूण किती दिवस राहावं लागेल? आणि पैशांचं काय? दोन्ही घरं शेतकरी आहेत. आयुष्मान कार्ड आहे, बाईंच्या मुलाच्या कंपनीचा आरोग्य विमाही आहे.

हिमॅट_पुणे

मुक्ता मॅडम, बाईंना बेंडामस्टिन देऊ नका. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच फिजिशियनांच्या कानावर घाला.

कार-टीचा कच्चा माल म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी. बेंडामस्टिन त्यांना फार काळ दाबून ठेवतं. मागच्या सहा ते नऊ महिन्यांत ते दिलेलं असेल तर पेशी कमी मिळतात, प्रयोगशाळेत नीट वाढत नाहीत आणि परत शरीरात सोडल्यावर टिकतही नाहीत. तेच औषध पेशी काढून झाल्यावर दिलं तर चालतं. काही केंद्रं तर पेशी सोडण्याआधीच्या तयारीत ते वापरतात. आधी पेशी काढायच्या, मग पुढची केमो द्यायची. क्रम एवढाच आहे आणि तो उलटा झाला की महिने वाया जातात.

बाईंचा आजार आर-चॉपनंतर १२ महिन्यांच्या आत उलटलाय. पूर्वी अशा वेळी आर-आइस किंवा आर-डीएचएपी ही केमो आणि मग स्वतःच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण हा मार्ग होता. झुमा-७ या चाचणीत नेमक्या अशाच रुग्णांमध्ये कार-टी आणि प्रत्यारोपण यांची तुलना झाली. चार वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण कार-टी गटात ५४.६ टक्के आणि प्रत्यारोपण गटात ४६ टक्के होतं. त्यामुळे 'आधी दोन-तीन केमो करून बघू, नाहीच जमलं तर कार-टी' हा विचार आता बाईंच्या बाबतीत बरोबर नाही.

भारतात मंजूर झालेली दोन उत्पादनं अशी. नेक्सकार१९ आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून तयार केलं आणि इम्युनोअ‍ॅक्टनं बाजारात आणलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. मंजुरी १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी, उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमा आणि बी-ऑलसाठी आहे. दुसरं कार्टेमी, बंगळुरूच्या इम्युनीलचं, मूळ बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमधलं. ते जानेवारी २०२५ पासून मिळतं, पण प्रौढांच्या बी-पेशी नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी. म्हणजे बाईंसाठी दोन्ही दारं उघडी आहेत, मुलासाठी पहिलंच.

दोन्ही उत्पादनं कर्करोगाच्या बी-पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी१९ या खुणेवर जाऊन बसतात. मायलोमा, एएमएल आणि सीएमएल या रक्ताच्या इतर कर्करोगांच्या रुग्णांचे नातेवाईक बातमी वाचून फाईल घेऊन येतात, त्यांना वेळीच सांगा की त्या आजारांत हे लक्ष्यच नसतं. तीन दिवसांचा प्रवास आणि खर्च वाचतो.

निकालांबद्दल कुटुंबाला खरं सांगा. नेक्सकार१९ चे निकाल मार्च २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आले. चाचणीत ६४ रुग्ण होते आणि परिणाम मोजता आलेल्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांमध्ये आजारानं प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. अमेरिकेतल्या झुमा-१ चाचणीत, म्हणजे तिथल्या उत्पादनावर, मोठ्या पेशींच्या लिम्फोमाचे साधारण ४३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. या आजाराच्या या टप्प्यावर पूर्वी मिळायचं त्याच्या तुलनेत हे फार मोठं पाऊल आहे. पण घर विकायला निघालेल्या माणसाला दोन्ही आकडे माहीत असायला हवेत.

मुलाचं प्रेडनिसोलोन: पेशी काढण्याआधी ७ दिवस बंद असलेलं उत्तम, अगदीच अशक्य असेल तर किमान ३ दिवस. आधी कोणत्या तारखेला पेशी काढणार ते केंद्राकडून लेखी घ्या, मग उलट मोजून स्टेरॉइड थांबवा. आजच थांबवलं आणि तारीख तीन आठवड्यांनी मिळाली तर मधे ब्लास्ट उसळतील.

अफेरेसिस_टेक

हिमॅट सरांनी बेंडामस्टिनचं सांगितलंच. बाकी औषधांचे दिवस असे धरा. प्रत्येक केंद्राचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण साधारण एवढंच असतं.

हायड्रॉक्सियुरिया, ६-एमपी अशी लवकर उतरणारी औषधं ३ दिवस. पाठीतून दिलेलं मेथोट्रेक्सेट १ आठवडा. नेहमीची शिरेतली केमो २ आठवडे, मोठ्या मात्रेची असेल तर ३ ते ४. पेग-अस्पराजिनेज ४ आठवडे. मागे दात्याकडून प्रत्यारोपण झालं असेल तर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला) नसावी आणि त्यावरची सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस सुटलेली असावीत. दात्याच्या लिम्फोसाइट दिल्या असतील तर ६ ते ८ आठवडे थांबतात.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला इथून तयारी करता येईल.

यंत्र रक्त बाहेर घेतं, फिरवून वेगळं करतं, पांढऱ्या पेशींचा थर काढून घेतं आणि बाकीचं परत शरीरात सोडतं. शरीरातल्या एकूण रक्ताच्या दोन ते तीन पट रक्त यंत्रातून फिरवावं लागतं. ४८ किलोच्या मुलात रक्त साधारण ३.४ लिटर, म्हणजे ७ ते १० लिटर फिरवायचं. त्याला ३ ते ४ तास लागतात. लक्ष्य साधारण १ अब्ज सीडी३ पेशींचं, म्हणजे टी-पेशींचं असतं.

हे जमायचं तर रक्तात लिम्फोसाइट हव्यात. एकूण संख्या दर मायक्रोलिटरला ५०० च्या वर असेल तर निश्चिंत, ३०० पर्यंत प्रयत्न करतात. सीडी३ वेगळं मोजलं तर १५० ते २०० च्या वर हवं. इथे एक चूक नेहमी होते. सीबीसीच्या कागदावर 'लिम्फोसाइट ७० टक्के' दिसतं आणि सगळे खूश होतात. ल्युकेमियात यंत्र ब्लास्टनाही लिम्फोसाइट समजतं. मुलाचा स्मिअर डोळ्यांनी बघून घ्या, जमल्यास फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींच्या खुणा ओळखणारी तपासणी) सीडी३ मोजून घ्या.

हिमोग्लोबिन ८ च्या वर आणि प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवा. रक्त द्यावं लागलं तर आदल्या आठवड्यापासून विकिरणित रक्तच द्या, २५ ग्रे. साध्या पिशवीत दात्याच्या जिवंत टी-पेशी असतात, त्या रुग्णाच्या पेशींत मिसळून कारखान्यात पोचायला नकोत. तुमच्या रक्तपेढीत विकिरणाची सोय नसेल तर रक्त मुंबईत पोचल्यावर द्यायचं ठरवा.

शिरा सांभाळा. दोन्ही कोपरांतल्या मोठ्या शिरा चांगल्या असतील तर १६ किंवा १७ गेजच्या सुईवर काम होतं आणि मानेतला कॅथेटर टळतो. आत्तापासून रोजची रक्ततपासणी हाताच्या मागच्या शिरेतून करा. केमोपोर्ट किंवा पिक लाइन असली तरी तिचा इथे उपयोग नाही, ती नळी एवढ्या वेगाला मिटते. डायलिसिसला घालतात तसा कडक दुहेरी कॅथेटर लागतो.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरतो. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. रुग्णानं लगेच सांगायचं. आम्ही वेग कमी करतो आणि कॅल्शियम ग्लुकोनेट चालू करतो. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम आदल्या दिवशी तपासून भरून काढा, नाहीतर नुसत्या कॅल्शियमनं मुंग्या जात नाहीत. त्या दिवशी पोट रिकामं नको. भाकरी-भाजी, दूध चालतं. तेलकट नको, रक्तातली चरबी वाढली की थर नीट सुटत नाही.

एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांचे अहवाल ठरावीक दिवसांतलेच चालतात, जुने चालत नाहीत. हेपॅटायटिस बीचा फक्त सरफेस अँटिजेन करू नका, अँटी-एचबी-कोअर एकूणही करा. रिटुक्सिमॅब घेतलेल्या बाईंच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं आहे. ते पॉझिटिव्ह निघालं तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर आधीच सुरू होतं.

पेडऑन्को_लातूर

मुलाबद्दल एक वेगळं मत मांडते. ६० टक्के ब्लास्ट घेऊन थेट कार-टीकडे जाणं जोखमीचं आहे. शरीरात आजाराचा भार जेवढा जास्त, तेवढी नंतरची सायटोकाइनची (पेशींनी सोडलेल्या दाहक रसायनांची) प्रतिक्रिया आणि मेंदूवरचा परिणाम तीव्र होतो. पेशी काढून झाल्यावर तयार होऊन येईपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत भार कमी करायलाच हवा. ब्लिनाटुमोमॅबचा विचार झालाय का?

हे प्रतिपिंड एका हातानं सीडी१९ आणि दुसऱ्या हातानं रुग्णाची टी-पेशी धरतं. ऑलमध्ये २०२४ मध्ये फार पक्के निकाल याचे आले. ई१९१० चाचणीत एमआरडी (सूक्ष्म तपासणीत दिसणारा उरलेला आजार) निगेटिव्ह झालेल्या प्रौढांनाही केमोबरोबर हे दिलं, तेव्हा तीन वर्षांनी जगलेले ८५ टक्के होते, फक्त केमोवाले ६८ टक्के. मुलांच्या एएएलएल१७३१ मध्ये तीन वर्षांचा आजारमुक्त दर ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेला. हे दोन्ही आकडे पहिल्या फेरीतल्या उपचारांचे आहेत, उलटलेल्या आजाराचे नाहीत, हे लक्षात असू द्या.

देणं मात्र नाजूक काम आहे. २८ दिवस रात्रंदिवस पंपावर चालतं. वजन ४५ किलोच्या वर असेल तर उलटलेल्या आजारात पहिले ७ दिवस रोज ९ मायक्रोग्रॅम, पुढे रोज २८. सुरू करण्याआधी डेक्सामेथासोन. पिशवी बदलताना लाइन फ्लश करायची नाही. नळीत उरलेलं औषध एकदम आत जातं आणि तेवढंच झटका यायला पुरतं. नळीच्या त्या ल्युमेनमधून (वाटेतून) दुसरं काही द्यायचं नाही, रक्तही काढायचं नाही. पंप चार तासांहून जास्त बंद राहिला तर पुन्हा सुरुवात रुग्णालयातच, देखरेखीखाली. तुमच्याकडे रात्री वीज जाते आणि डे-केअर संध्याकाळी बंद होतं, तेव्हा हे तिथे सुरू करू नका.

हिमॅट_पुणे

भार कमी करायचा, हे मॅडमचं म्हणणं पूर्ण मान्य. ब्लिनाटुमोमॅबबाबत दोन गोष्टी जोडतो. त्याच्या दाबाखाली काही रुग्णांत ल्युकेमियाच्या पेशी सीडी१९ गमावतात. मग कार-टीला धरायला काही उरत नाही. म्हणून ते दिल्यानंतर पुन्हा फ्लो सायटोमेट्री करून सीडी१९ किती टक्के पेशींवर, किती ठळक आहे ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सीडी१९ गेलेलं असेल तर सीडी२२ वर काम करणारं इनोटुझुमॅब हा पर्याय उरतो. पण मागाहून दात्याचं प्रत्यारोपण करायचं असेल तर त्यानं यकृतातल्या बारीक शिरा बंद होण्याचा धोका वाढतो. दुसरं, मज्जेत ६० टक्के ब्लास्ट असताना ब्लिनाटुमोमॅबचं यशही कमी असतं. ते भार हलका असताना जास्त चालतं. त्यामुळे मुलाच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन: पेशी काढा, मग व्हिन्क्रिस्टिन आणि स्टेरॉइडनं भार खाली आणा, मग पेशी सोडा.

आणि भावंडांची एचएलए तपासणी (दाता म्हणून जुळतात का ते) आत्ताच करून ठेवा. कार-टीनंतर आजार गेला तरी ऑलमध्ये बऱ्याच जणांना पुढे दात्याचं प्रत्यारोपण सुचवलं जातं. दाता शोधायला तेव्हा सुरुवात केली तर उशीर होतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, शुक्राणू साठवण्याबद्दल पुढच्या केमोआधी त्याच्याशी एकट्याशी बोला. आई-वडिलांसमोर तो काही बोलणार नाही.

सिस्टर_हिमॅटवॉर्ड

मुक्ता सिस्टर, मुंबईतले दिवस मोजायचे तर असं धरा. पेशी काढायला ३ ते ५ दिवस, त्यात तपासण्या आल्या. मग पेशी तयार होऊन तपासून परत यायला तीन ते चार आठवडे. या काळात रुग्ण तुमच्याकडे परत येऊ शकतो, मधली केमो तिथे देता येते. मग पुन्हा भरती. तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, दोन दिवस विश्रांती, मग पेशी. त्यानंतर साधारण दोन आठवडे वॉर्डात. पेशी सोडल्यापासून चौथा आठवडा संपेपर्यंत रुग्णालयापासून दोन तासांच्या आत मुक्काम. अमेरिकेनं जून २०२५ मध्ये ही अट दोन आठवड्यांवर आणली, पण जिथून रात्री मोठ्या रुग्णालयात पोचायलाच चार तास लागतात अशा घरासाठी मी चार आठवडेच धरते.

पेशी सोडणं हा सगळ्यात छोटा भाग. गोठवलेली छोटी पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची आणि अर्ध्या तासाच्या आत संपवायची. ल्युकोसाइट फिल्टर लावायचा नाही, तो पेशीच अडवेल. आधी पॅरासिटामॉल आणि फेनिरामाइन द्यायचं, स्टेरॉइड नाही. इतर वेळी रक्त चढवताना हायड्रोकॉर्टिसोन द्यायची सवय हाताला असते. म्हणून रुग्णाच्या फाईलवर लाल अक्षरांत 'स्टेरॉइड नको' असं लिहितात. तुम्हीही तुमच्या फाईलवर आजच लिहा. मळमळ थांबवायला डेक्सामेथासोन देतात तेही यातच आलं.

मग ताप, म्हणजे सायटोकाइनची प्रतिक्रिया. ३८ अंश म्हणजे पहिली पायरी. रक्तदाब उतरला किंवा थोडा ऑक्सिजन लागला की दुसरी. रक्तदाबासाठी औषधाचा पंप किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लागला की तिसरी. दुसऱ्या पायरीला ही प्रतिक्रिया शमवणारं टोसिलिझुमॅब, किलोला ८ मिग्रॅ, तासाभरात. ४८ किलोच्या मुलाला ३८४ मिग्रॅ. एका वेळी ८०० च्या वर नाही, आठ तासांनी पुन्हा देता येतं. दोन डोस फ्रिजमध्ये हातात असल्याशिवाय पेशींची पिशवी वितळवत नाहीत. प्रत्येक तापाला संसर्ग समजूनही कल्चर आणि प्रतिजैविक चालू करायचं, कारण त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी शून्याजवळ असतात.

मेंदूवरचा परिणाम नातेवाईकांना आधी कळतो. आम्ही रोज दोनदा १० गुणांची परीक्षा घेतो. वर्ष, महिना, गाव आणि रुग्णालय विचारायचं. तीन वस्तूंची नावं. एक सूचना पाळायला लावायची. १०० पासून दहा-दहा उलटे मोजायचे. आणि एक वाक्य लिहून घ्यायचं. हे सगळं रुग्णाच्या भाषेत. वाक्य पहिल्या दिवशी जे लिहिलं तेच रोज, एकाच वहीत, म्हणजे अक्षर बिघडलं की शेजारच्या ओळीशी ताडता येतं. बाईंना लिहिता येत नसेल तर सही किंवा घड्याळाचं चित्र, पण पहिल्या दिवसाचा नमुना हवाच. उलटं मोजणं मराठीत कित्येकांना निरोगी असतानाही जमत नाही. त्यांचे पाच-पाच किंवा आठवड्याचे वार उलटे चालतात का ते आधी डॉक्टरांशी ठरवून लिहून ठेवा. नाहीतर पहिल्याच दिवशी एक गुण विनाकारण जातो. या त्रासाला टोसिलिझुमॅब लागू पडत नाही, फाईलवर 'स्टेरॉइड नको' असलं तरी इथे डॉक्टर डेक्सामेथासोनच देतात.

सोबत राहणारा माणूस एकच, आणि तो पूर्ण वेळ. दर आठवड्याला बदलणारे पाहुणे चालत नाहीत. 'आज आई जरा वेगळं बोलते' हे फक्त रोज बघणाऱ्याला कळतं.

समाजसेवा_परळ

कागद आणि पैसे यांचं मी सांगतो.

बरोबर द्यायचं: बायॉप्सीच्या नुसत्या स्लाइड नकोत, पॅराफिन ब्लॉक द्या. मुंबईत पॅथॉलॉजी पुन्हा तपासतात, ब्लॉक नसला की रुग्ण परत पाठवला जातो आणि आठवडा जातो. फ्लो सायटोमेट्रीच्या अहवालासोबत मूळ डेटा फाईल सीडीवर मागून घ्या. पेट-सीटीची फिल्म पुरत नाही, डायकॉम (मूळ प्रतिमांची) सीडी हवी. केमोच्या प्रत्येक सायकलची तारीख, औषध, मात्रा असा एक पानाचा तक्ता तुम्ही स्वतः करा, डिस्चार्ज कार्डांच्या गठ्ठ्यातून कोणी शोधत बसत नाही. २डी इको. पूर्वी क्षयरोग झाला होता का आणि औषधं पूर्ण घेतली का, हेही लिहा.

खर्च. नेक्सकार१९ आलं तेव्हापासून पेशींची किंमत ३० ते ५० लाखांच्या पट्ट्यात सांगितली जाते. परदेशात टिसाजेनलेक्ल्युसेल २०१७ मध्ये आलं तेव्हा ४ लाख ७५ हजार डॉलर होतं, त्यामानाने ही दहाव्या हिश्शाची गोष्ट. तरी शेतकऱ्याला तीही आवाक्याबाहेर. भरतीपूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी वेगळ्या दाखवायला सांगा: पेशी काढणं, पेशींची किंमत, भरतीचा खर्च, आणि गुंतागुंत झाल्यास आयसीयू व टोसिलिझुमॅब. पेशी नीट तयारच झाल्या नाहीत तर भरलेल्या पैशांचं काय, हेही लेखी विचारा. जीएसटी परिषदेनं डिसेंबर २०२४ च्या बैठकीत जीन थेरपीवरचा कर पूर्ण माफ करायचं ठरवलं. अंदाजपत्रकात जीएसटीची ओळ दिसली तर तिथेच विचारा.

आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. ती मधल्या केमोसाठी आणि तपासण्यांसाठी जपून वापरा. मोठी रक्कम मिळू शकते ती राष्ट्रीय आरोग्य निधीतल्या आरोग्यमंत्री कर्करोग रुग्ण निधीतून, १५ लाखांपर्यंत. त्याला दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि सरकारी कर्करोग केंद्रातलेच उपचार या अटी आहेत. म्हणून मुलाची नोंद खाजगीत करण्याआधी हा विचार करा, नंतर रुग्णालय बदललं की अर्ज पहिल्यापासून. पंतप्रधान निधी, मुख्यमंत्री निधी आणि धर्मादाय न्यास यांचे अर्ज एकाच दिवशी टाका, एकामागून एक नको. प्रत्येकाला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मूळ लागतो, चार प्रती काढून ठेवा.

बाईंच्या विम्यात अडचण येईल, तयारीत राहा. विमा नियामक आयआरडीएआयनं आधुनिक उपचारांची १२ नावांची यादी दिली आहे, ती विम्यात धरावीच लागते. त्यात मोनोक्लोनल प्रतिपिंडाची इंजेक्शनं आहेत, रक्ताच्या आजारांसाठी मूळपेशी प्रत्यारोपण आहे, पण कार-टी नावानं नाही. मग काही कंपन्या 'प्रायोगिक उपचार' म्हणून नाकारतात, काही यादीतल्या एखाद्या नावाखाली धरून अंतर्गत मर्यादा लावतात. कॅशलेसच्या अर्जासोबत केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मंजुरीची प्रत आणि डॉक्टरांचं 'हा मंजूर उपचार आहे, संशोधन नाही' असं पत्र पहिल्याच दिवशी जोडा. कंपनीचा गट-विमा असेल तर मुलानं एचआरला भेटावं. गट-विम्यात मालकाच्या सांगण्यावरून अपवाद करता येतो, वैयक्तिक विम्यात तो जवळपास नसतो. नकार आला तर तो लेखीच मागा, विमा लोकपालाकडे तक्रार करताना तो कामी येतो.

राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर रुग्ण सेवा सदन ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. तपासण्यांच्या फेऱ्यांना ती उत्तम. पण पेशी सोडल्यानंतरच्या चार आठवड्यांत स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास हवा, सामायिक हॉल नको. उपचार टाटाच्या खारघर केंद्रात होणार असतील तर परळला राहू नका, रात्री ताप आला तर पनवेलच्या बाजूनंच जवळ पडतं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. त्याचा छापील फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो.

मुक्ता_डेकेअर

सगळ्यांचे मनापासून आभार. बेंडामस्टिन थांबवलंय, बाईंची पेशी काढायची तारीख मागितली आहे. तोपर्यंत मानेच्या गाठीला रेडिएशन देता येईल का ते विचारलंय. मुलाचा स्मिअर बघितला, अफेरेसिस सरांचं बरोबर होतं. यंत्रानं लिम्फोसाइट म्हणून मोजलेल्यांपैकी बहुतेक ब्लास्टच आहेत, फ्लोवर सीडी३ मोजायला पाठवलंय.

एकच राहिलं. हे रुग्ण पाचव्या आठवड्यात आमच्याकडे परत येतील तेव्हा आमच्या डे-केअरनं काय बघायचं?

हिमॅट_पुणे

रेडिएशनचा विचार चांगला आहे, फक्त पेशी काढण्याआधी मोठा भाग घेऊ नका, लिम्फोसाइट खाली जातात. श्वासनलिका दबत असेल तर मात्र थांबायचं नाही.

परत आल्यावर पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा सीबीसी. पांढऱ्या पेशी एकदा वर येऊन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा पडतात, हे नेहमीचं आहे. 'काउंट भरले' म्हणून जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) आणि तपासणी दोन्ही बंद करू नका. सगळे काउंट पडले, ताप आहे आणि फेरिटिन दहा हजारांच्या पुढे गेलंय, असं दिसलं तर ती हिमोफॅगोसायटिक प्रतिक्रिया (रोगप्रतिकार यंत्रणा अनावर होणं) समजून त्याच दिवशी केंद्राला फोन. नेक्सकार१९ च्या चाचणीत हा त्रास साधारण १२ टक्क्यांना झाला होता, म्हणजे दुर्मिळ नाही.

कार-टी पेशी चांगल्या बी-पेशीही संपवतात. आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) दर महिन्याला बघा. डेसिलिटरला ४०० मिग्रॅच्या खाली गेलं आणि संसर्ग होत असतील तर इम्युनोग्लोब्युलिन, किलोला ०.४ ग्रॅम, महिन्यातून एकदा. हे डे-केअरमध्ये देता येतं, याचा खर्च आधीच्या अंदाजपत्रकात नसतो तो धरून ठेवा. कोट्रायमॉक्साझोल आणि असायक्लोव्हिर किमान सहा महिने, बहुतेक वेळा वर्षभर. को-ट्रायमॉक्साझोलनं काउंट दबतात म्हणून ते कोणी परस्पर बंद करतं, तेव्हा बदली औषध द्या, नुसतं बंद नको. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाची तपासणी. टोसिलिझुमॅब आणि स्टेरॉइड दोन्ही मिळालेल्यांत जुना क्षय उठतो. रक्त विकिरणितच. जिवंत लसी नाहीत, बाकीच्या साधारण सहा महिन्यांनंतर. गाडी, ट्रॅक्टर, विहिरीचा पंप किमान आठ आठवडे नाही.

बाईंचा पेट-सीटी तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. तिसाव्या दिवशी थोडं चमकलं म्हणून लगेच केमो सुरू करू नका. काहींचा अर्धवट प्रतिसाद नव्वदाव्या दिवसापर्यंत पूर्ण होतो. शंका आली तर पुन्हा बायॉप्सी. मुलाची मज्जा अठ्ठाविसाव्या दिवशी एमआरडीसह, आणि ती बघताना सीडी१९ सोडून इतर खुणांवरही फ्लो बघायला सांगा. सीडी१९ गमावलेला आजार नुसत्या सीडी१९ च्या गेटवर दिसतच नाही, अहवाल निगेटिव्ह येतो.